कारखान्यात लीन जमलं, आता विक्रीत कसं आणायचं?

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत आमचा इलेक्ट्रिकल पॅनेल बनवण्याचा छोटा कारखाना आहे. गेल्या दोन वर्षांत फाइव्ह-एस (जागा नीटनेटकी ठेवायची शिस्त), कानबान (लागेल तेवढाच माल मागवायच्या चिठ्ठ्या) वगैरे लीनच्या, म्हणजे वाया जाणारं काम आणि वेळ कमी करण्याच्या, पद्धती वापरून पॅनेल तयार व्हायचा वेळ जवळपास निम्म्यावर आणला. पण ऑर्डरी वाढल्या नाहीत. सेल्सला तीन मुलं आहेत, एस्टिमेशनला (किंमत काढायला) एक इंजिनिअर. महिन्याला साधारण ८० कोटेशनं जातात, त्यातल्या १०-१२ ऑर्डरी होतात. बाकीच्यांबद्दल ‘भाव जास्त होता’ एवढंच कळतं. एका सल्लागारांनी सीआरएम (ग्राहकांची आणि फॉलोअपची नोंद ठेवणारं) सॉफ्टवेअर घ्या आणि टीमला वाशीच्या हॉटेलात दोन दिवसांचं ट्रेनिंग द्या असं सुचवलंय. विक्री-मार्केटिंगमध्ये लीन खरंच चालतं का? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

चालतं. तुमच्यासारख्या कारखान्यात तर शॉप फ्लोअरपेक्षा जास्त वाव विक्रीतच असतो, असं ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये इतकी वर्षं काम करून माझं ठाम मत झालं आहे. सीआरएम आणि हॉटेलातलं ट्रेनिंग मात्र सध्या बाजूला ठेवा. का, ते पुढे येईलच.

लीन ही कारखान्याची विद्या आणि विक्री हा वेगळा प्रांत, ही समजूत आधी काढून टाकू. १९४९-५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर उभी होती. गाड्या बनत होत्या, पण खपत नव्हत्या आणि खपलेल्यांचे पैसे वेळेवर येत नव्हते. बँकांनी मदत केली ती अटी घालून: विक्रीची कंपनी वेगळी काढा, आणि ती जेवढ्या विकू शकेल तेवढ्याच गाड्या बनवा. कामगारकपात आली, मोठा संप झाला, संस्थापक किइचिरो टोयोडांना अध्यक्षपद सोडावं लागलं. एप्रिल १९५० मध्ये टोयोटा मोटर सेल्स ही स्वतंत्र कंपनी सुरू झाली. तिचे प्रमुख शोतारो कामिया यांचा क्रम ठरलेला होता: आधी ग्राहक, मग डीलर, शेवटी उत्पादक. पुढे टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनो यांनी कारखान्यात जी पद्धत बसवली, तिच्या मुळाशी ‘खपेल तेवढंच बनवा’ ही विक्रीकडून आलेली अट होती. त्यामुळे विक्रीला हात न लावता केलेलं लीन हे अर्धंच काम आहे. तुमचं सध्या तेवढंच झालंय.

कारखान्यात तुम्ही पॅनेलचा प्रवास पाहिलात: शीट मेटल, पावडर कोटिंग, बसबार, वायरिंग, टेस्टिंग, डिस्पॅच. विक्रीत प्रवास करते ती इन्क्वायरी. ती मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर येते तिथपासून बँकेत पैसे जमा होईपर्यंतचा रस्ता हीच तुमची विक्रीची लाइन. या लाइनवर आजवर कुणी चाललेलंच नसतं. सेल्सवाल्याला सुरुवातीचा तुकडा माहीत असतो, एस्टिमेटरला मधला, अकाउंट्सला शेवटचा. मालकाला वाटतं आपल्याला सगळी माहीत आहे.

म्हणून सुरुवात इथून करा. गेल्या सहा महिन्यांत निकाली निघालेल्या दहा इन्क्वायऱ्या काढा, काही मिळालेल्या, काही गेलेल्या. निवडून चांगल्या घेऊ नका, रजिस्टरमधून सलग घ्या. मोठ्या कागदावर प्रत्येकीची तारीखवार रेघ काढा: कधी आली, कुणी पाहिली, कुणाकडे किती दिवस पडून होती, कोटेशन कधी गेलं, ग्राहकाचा पहिला प्रश्न कधी आला, त्याला उत्तर कधी गेलं. त्या रेघेवर प्रत्यक्ष काम झालेले तास लाल पेनानं रंगवा. हे काम स्वतः करा आणि एस्टिमेटरला शेजारी बसवा. मी पाहिलेल्या पॅनेलवाल्यांकडे लाल भाग काही तासांचा असतो आणि रेघ कित्येक दिवसांची. मधला वेळ इन्क्वायरी नुसती पडून असते.

ती पडून का असते याची कारणं फार थोडी असतात. स्विचगिअरचे (ब्रेकर, स्विच वगैरेंचे) रेट डीलरकडून यायचे असतात. डिस्काउंट किती द्यायचा ते मालकच सांगणार आणि मालक साइटवर असतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे इन्क्वायरीच अर्धवट असते. सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा आराखडा) नाही, फॉल्ट लेव्हल (शॉर्ट सर्किट झाल्यास किती करंट येईल ते) दिलेली नाही, ब्रेकर कुठल्या मेकचे हवेत ते नाही, केबल वरून येणार की खालून ते नाही, पॅनेल आत बसणार की उघड्यावर ते नाही. एस्टिमेटर मग अंदाजानं भरतो, सुरक्षित बाजूनं जास्तच भरतो, आणि तुमचा भाव ‘जास्त’ होतो. ‘भाव जास्त होता’ या शेऱ्यामागे पुष्कळदा भाव नसतोच. ग्राहकाला काय हवंय ते न विचारता दिलेलं उत्तर असतं.

पहिल्या दोन कारणांचा इलाज तुमच्या हातात आहे. रोज लागणाऱ्या स्विचगिअरचे रेट डीलरकडून दर सोमवारी एकत्र मागवून ठेवा. डिस्काउंटच्या पायऱ्या ठरवून द्या, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंत एस्टिमेटर तुम्हाला न विचारता कोटेशन पाठवू शकेल. तांब्याचा भाव हलता असतो, म्हणून कोटेशनची मुदत छोटी ठेवा. मोठ्या, लांबणाऱ्या ऑर्डरीत आयईईएमएच्या (इलेक्ट्रिकल उत्पादकांच्या संघटनेच्या) दरफरक पद्धतीचा, म्हणजे कच्च्या मालाच्या भावाप्रमाणे किंमत बदलायच्या अटीचा, उल्लेख घाला. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते तिसरं, कारण तिथे सवय बदलावी लागते.

किइचिरोंचे वडील साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. खराब कापड विणत राहण्यापेक्षा माग थांबलेला बरा, हा त्यामागचा विचार. अर्धवट इन्क्वायरीवर कोटेशन बनवणं म्हणजे धागा तुटलेला दिसत असताना विणत राहणं. ती दारातच थांबवायची. त्याच दिवशी फोन करून पाच-सहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं मिळाल्यावरच एस्टिमेटरकडे द्यायची.

हे ऐकल्यावर तुमची सेल्सची मुलं काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. ‘सर, ग्राहक वैतागेल. दुसरा कुणीतरी लगेच कोटेशन टाकेल आणि आपण मागे राहू.’ त्यांचं म्हणणं खोडून काढू नका. ते बरोबर असू शकतं. ते खरं की खोटं हे मला सांगता येणार नाही, तुम्हाला नाही आणि त्या सल्लागारांनाही नाही. ते करूनच कळेल. लीनचा गाभा माझ्या मते इथे आहे आणि नेमका तोच ट्रेनिंगमध्ये शिकवता येत नाही.

करून कळणं म्हणजे नुसतं करत राहणं नव्हे. दोन आठवडे ठरवा. या काळात आलेल्या प्रत्येक अर्धवट इन्क्वायरीला त्याच दिवशी फोन जाईल. सुरू करायच्या आधी प्रत्येक मुलानं आपला अंदाज कागदावर लिहायचा: दहातले किती जण नीट उत्तरं देतील, किती जण चिडतील, किती जण पुन्हा फोनच उचलणार नाहीत. तारीख घालून सही करायची. दोन आठवड्यांनी अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी ठेवायचं. जिथे फरक पडला तिथे सगळ्यांनी थांबून बोलायचं: आपल्याला काय माहीत नव्हतं? अंदाज आधी लिहिला नसेल तर माणूस कुठल्याही निकालानंतर ‘मला वाटलंच होतं’ म्हणतो आणि काही शिकत नाही. हा कागद मी कधीच सोडू देत नाही. बाकी सगळ्यात सूट देतो.

यावर कुणी म्हणेल की आमचा सेल्समन वीस वर्षं हेच करतोय, त्याला काय शिकवायचं? अनुभवानं काम सुधारतं हे खरंच आहे. अमेरिकन विमान-इंजिनिअर टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमानांच्या कारखान्यांचे आकडे मांडून दाखवलं होतं की एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर विमानामागचे श्रम ठरावीक प्रमाणात, साधारण वीस टक्क्यांनी उतरतात. पण अर्थतज्ज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६२ च्या आपल्या लेखात पुढची गोष्टही सांगितली: तीच तीच अडचण पुन्हा पुन्हा सोडवून मिळणारं शिक्षण झपाट्यानं आटत जातं. शिकत राहायला नवे प्रश्न समोर यावे लागतात. विक्रीत आणखी एक अडचण असते. वायरिंग चुकलं तर टेस्टिंगला तासाभरात कळतं. कोटेशनमध्ये चुकलं तर तीन महिन्यांनी ‘ऑर्डर दुसऱ्याला गेली’ एवढंच कळतं, आणि तोवर दहा कारणं त्यात मिसळलेली असतात. म्हणून शेवटच्या ऑर्डरीकडे बघत शिकता येत नाही. जवळच्या खुणा पाहाव्या लागतात. ग्राहकानं प्रश्नांची उत्तरं दिली का? ड्रॉइंग मागितलं का? साइटवर बोलावलं का? या खुणा दोन-चार दिवसांत दिसतात आणि त्यावर पुढचा प्रयोग ठरवता येतो.

हॉटेलातल्या ट्रेनिंगबद्दल माझा आक्षेप याच कारणानं आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत, नम्मी या नावानं, त्याच इमारतीत तो पुन्हा सुरू झाला आणि कामगार बहुतांशी जुनेच होते. त्यातल्या शेकडो जणांना जपानमध्ये टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात नेऊन तिथल्या कामगारांच्या बाजूला उभं राहून काम करायला लावलं. आधी विचार बदलायचे आणि मग काम, असा क्रम नव्हताच. काम वेगळ्या तऱ्हेनं करायला मिळालं आणि विचार त्यामागून आले. तुमच्या टीमसाठी ‘ताकाओका’ म्हणजे ग्राहकाचा कारखाना.

तिथे जा. तुम्ही स्वतः जा आणि एस्टिमेटरला न्या. हे मी दोनदा लिहायलाही तयार आहे, कारण हीच गोष्ट सर्वात जास्त टाळली जाते. एस्टिमेटर वर्षानुवर्षं पॅनेलची किंमत काढतो, पण बसवलेलं, दोन पावसाळे खाल्लेलं पॅनेल त्यानं पाहिलेलं नसतं. महापे-तुर्भ्याच्या एखाद्या कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या माणसाला गाठा. तुमचं पॅनेल असेल तर उत्तम, दुसऱ्याचं असेल तर आणखी उत्तम. विकायला आलोय असं दाखवू नका आणि खरंच विकायला जाऊही नका. ‘आम्हाला ऑर्डर का दिली नाही’ हा प्रश्न विचारायचा नाही, त्याचं उत्तर ‘भाव’ हेच येणार. विचारा: पॅनेल आलं त्या दिवशी काय काय झालं? मग कळतं की केबल वळवायला आत जागाच नव्हती, पॅनेल दरवाजातून जाईना म्हणून भिंत फोडावी लागली, ड्रॉइंग कुठल्या मेलमध्ये आहे ते कुणालाच सापडेना, पावसात दरवाज्याच्या गॅस्केटमधून पाणी आलं, फीडर (बाहेर जाणारी वीजजोडणी) वाढवायचा म्हटलं तर एकही जागा मोकळी ठेवलेली नव्हती. पर्चेसवाला यातलं काहीच सांगत नाही कारण त्याला ते भोगावं लागत नाही. आणि तुमची मुलं तर रोज पर्चेसवाल्यालाच भेटतात.

या भेटींतून येणाऱ्या गोष्टींची किंमत बहुधा किरकोळ असते. दाराच्या आत ड्रॉइंगचा खिसा. डिस्पॅचच्या आधी दरवाजाचं माप विचारणारा एक फोन. कोटेशनच्या पहिल्या पानावर ‘दोन फीडरची जागा राखीव’ ही ओळ. यातली कुठली ओळ ऑर्डर आणते ते परत छोट्या प्रयोगानंच ठरवा: पुढच्या वीस कोटेशनांत घाला, अंदाज लिहा, पाहा.

फिरण्याबद्दल एक छोटी गोष्ट. मुलांचे भेटीचे मार्ग नीट बांधून द्या. एक दिवस रबाळे-महापे-तुर्भे, एक दिवस वागळे, घोडबंदरच्या बाजूला गेलं तर संध्याकाळी तिथून निघायचं नियोजन करूनच. पण यापलीकडे भेटी ‘फुकटची हालचाल’ म्हणून छाटायला जाऊ नका. कारखान्यातल्या वाया जाण्याच्या सात प्रकारांची यादी विक्रीवर जशीच्या तशी लावणारे लोक असतात, आणि ते सर्वात आधी भेटीच कापतात. तसंच बोलण्याचंही आहे. किती वेळात उत्तर द्यायचं, कुठले प्रश्न विचारायचे, हे ठरवून द्यावं. ते कसं बोलायचं याची पोपटपंची लिहून देऊ नये. ग्राहकागणिक फरक असणं हा दोष नाही, त्या फरकातूनच तर माहिती मिळते.

आता तुमच्या ८० कोटेशनांकडे येतो. आज किती कोटेशनं उघडी आहेत, म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, ते मोजा. समजा २४० निघाली. महिन्याला ८० जात असतील तर एक कोटेशन सरासरी तीन महिने लोंबकळत राहतं. रांगांचा अभ्यास करणारे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं हे गणित आहे आणि ते रांग कशाचीही असली तरी लागू पडतं. तीन मुलं २४० ठिकाणी फॉलोअप करू शकत नाहीत. ती करतही नाहीत. जो ग्राहक गोड बोलतो त्यालाच पुन्हा पुन्हा फोन जातो. म्हणून प्रत्येकाकडे एका वेळी किती उघडी कोटेशनं असतील याला मर्यादा घाला. किती, ते तुम्हीच ठरवा आणि बदलत राहा. मर्यादा भरली की नवीन घेण्याआधी जुन्यातलं एक निकाली काढायचं: स्पष्ट विचारायचं, ‘काम होणार आहे का, की आम्ही फाइल बंद करू?’ मुलांना हे जड जाईल. लांबलचक यादी जवळ असली की महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये दाखवायला काहीतरी असतं. त्यांना ती यादी सोडता यावी म्हणून तुम्हाला मीटिंगमधला प्रश्न बदलावा लागेल. ‘किती कोटेशनं गेली?’ हे विचारणं बंद करा. विचारा, ‘या आठवड्यात कुठल्या ग्राहकाबद्दल नवीन काय कळलं?’

यासाठी एस्टिमेशनच्या भिंतीवर पांढरा फळा लावा. आली, प्रश्न विचारले, किंमत काढतोय, पाठवलं, ग्राहकाचा निर्णय, ऑर्डर, पैसे आले. प्रत्येक इन्क्वायरीची एक चिठ्ठी, त्यावर तारीख. रोज सकाळी दहा मिनिटं उभ्यानं. चिठ्ठी जिथे अडली तिथेच बोलणं होतं, माणसावर होत नाही.

शेवटचा रकाना मुद्दाम ‘पैसे आले’ हा ठेवलाय. पुष्कळ ठिकाणी विक्री ऑर्डरला संपते आणि वसुली हे अकाउंट्सचं दुखणं होतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६ चा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत खरेदीदाराला पैसे द्यावे लागतात. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) म्हणून आलेल्या नियमानुसार १ एप्रिल २०२४ पासूनच्या निर्धारण वर्षापासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. उद्यम नोंदणी क्रमांक कोटेशनवरच छापा. मुदतीचं बोलणं सेल्सच्या मुलानं ऑर्डर घेतानाच करायचं.

मार्केटिंगवर मी थोडक्यात लिहितो कारण नियम तोच आहे: मोठं छापू नका, छोटं करून पाहा. जाडजूड कॅटलॉग हा गोदामातला न खपलेला माल आहे. तुम्ही एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं) करत असालच. महावितरणनं एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएचवर (नुसत्या कामी आलेल्या युनिटांऐवजी एकूण घेतलेल्या विजेवर) बिल लावायला सुरुवात केली, तेव्हापासून पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती कामी येते ते प्रमाण, मागे असला तरी आणि कपॅसिटर जास्त लागून पुढे गेला तरी ग्राहकाचं नुकसान होतं. हे बिलात कुठे दिसतं, हे समजावणारं एकच पान मराठीत करा आणि ओळखीच्या वीस मेंटेनन्स इनचार्जना व्हॉट्सअॅपवर पाठवा. किती जण आपलं बिल पाठवून ‘आमचं बघा’ म्हणतील, तो आकडा आधी लिहून ठेवा. कुणीच म्हणालं नाही तर पान बदला. म्हणाले, तर पुढच्या वीस जणांना पाठवा.

गृहनिर्माण संस्थांची कामं घेत असाल तर तिथलं वेळापत्रक वेगळं आहे. संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. पंपाचं किंवा मीटर रूमचं पॅनेल बदलायचा मोठा खर्च बहुधा त्या सभेत मंजूर होतो आणि तीन कोटेशनं त्याआधी कमिटीच्या हातात लागतात. म्हणजे मे ते जुलैमध्ये तिथे जायला हवं. कारखान्यांच्या ऑर्डरी मार्चकडे धावतात, संस्थांच्या ऑक्टोबरनंतर निघतात. हे दोन्ही नीट विणलं तर तुमच्या शॉप फ्लोअरवरचं काम वर्षभरात जास्त सारखं वाटलं जाईल. त्याच वेळी मुलांचं इन्सेंटिव्हही तपासा. महिन्याच्या टार्गेटवर पैसे मिळत असतील तर ती शेवटच्या आठवड्यात डिस्काउंट वाटून ऑर्डरी ओढून आणणारच, आणि त्यांना दोष देता येणार नाही. एका मुलासाठी तिमाहीवर, आलेल्या पैशांवर करून पाहा. त्याच्याशी बोलून, त्याच्या पगाराला धक्का न लावता.

केंद्र सरकारची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन) योजना १० मार्च २०२३ ला सुरू झाली. तिच्यात लीन बसवायच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. ती अजून चालू असेल तर कारखान्यातलं उरलेलं काम त्यातून करून घ्या, म्हणजे तुमचा स्वतःचा वेळ या फळ्यापाशी देता येईल. पहिले तीन महिने मालक रोज सकाळी फळ्यापाशी उभा राहिला नाही तर हे टिकत नाही.

सीआरएम त्यानंतर घ्या. तोवर फळ्यावरचे काही रकाने गळलेले असतील, काही नवे आले असतील. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला तो फळा दाखवा, एवढेच रकाने आणि हीच माहिती भरायची सोय मागा, आणि महिनाभर एका मुलाकडून वापरून घेतल्याशिवाय तिन्ही मुलांसाठी पैसे भरू नका.